कळणे, भावणे आणि चित्रपट : मराठी रसिकतेच्या इतिहासातील एक अडलेला प्रश्न

१

चित्रपट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक ‘फारसे काही कळले नाही, पण आवडला’ असे म्हणतो, तेव्हा मराठी समीक्षा सामान्यतः दोनपैकी एक भूमिका घेते. पहिल्या भूमिकेनुसार हा अभिप्रायच नव्हे. ज्याला कळले नाही त्याला आवडल्याचे सांगण्याचा अधिकार नाही, आणि तरीही तो तसे सांगत असेल तर त्यामागे आळस किंवा प्रतिष्ठेचा सोस असला पाहिजे. दुसऱ्या भूमिकेनुसार कलेत कळण्याला मुळात स्थानच नाही. कला ही भावण्याची गोष्ट, बुद्धीने तिच्या वाटेला जाऊ नये. वरवर पाहता या भूमिका परस्परविरोधी आहेत. तथापि कळणे आणि भावणे या एकमेकींना वगळणाऱ्या क्रिया आहेत, हे गृहीतक दोन्हींच्या मुळाशी आहे.

मराठी भाषेचा रोजचा वापर या गृहीतकाला अनुकूल नाही. कळणे, उमजणे, उमगणे, जाणवणे, भिडणे, भावणे या क्रियापदांच्या अर्थच्छटा इतक्या जवळजवळ लागून आहेत की एक कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे सांगणे अवघड जावे. समीक्षेने मात्र या सलग पट्ट्यातून दोन टोके उचलली आणि मधला प्रदेश मोकळा सोडला. कथासूत्र तुटलेल्या, स्वप्नाच्या रीतीने एका प्रतिमेवरून दुसरीवर जाणाऱ्या अतिवास्तव चित्रपटाचा आस्वाद नेमका या मधल्या प्रदेशात घडतो. म्हणूनच त्याच्याविषयी बोलताना मराठी समीक्षेची परिभाषा अपुरी पडते. ही परिभाषा कशी घडली, तिने काय गमावले आणि ते परत मिळवता येईल काय, याचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार सोलापूरपासून सुरू करण्यास कारण आहे. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी-उर्दू या भाषा येथे शतकानुशतके शेजारी नांदल्या. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती वाढली आणि शहराची बहुभाषिकता अधिकच घट्ट झाली. अशा शहरात न कळणारी भाषा कानावर पडणे हा अपवाद नसतो. शेजाऱ्याचे लग्नातले गाणे, देवळातले भजन, दुसऱ्या भाषेतला चित्रपट यांत शब्दशः अर्थ निसटतो आणि तरीही माणूस तेथे उपरा राहत नाही. ‘न कळणे’ हा येथे संकटाचा प्रसंग नसून सहवासाची एक रीत आहे. मराठी रसिकतेच्या इतिहासातील या प्रश्नाची दोन टोकेही याच परिसरात सापडतात. एक टोक पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहीर रामजोशी, आणि दुसरे एकविसाव्या शतकातील चित्रपट-दिग्दर्शक अक्षय इंडीकर.

२

सोलापूरच्या रामजोशींचे नाव लावणीच्या इतिहासात प्रामुख्याने त्यांच्या शब्दप्रभुत्वासाठी घेतले जाते. संस्कृत अध्ययनाची बैठक असलेला हा कवी तमाशाच्या फडात उतरला आणि पुढे कीर्तनकार म्हणूनही गाजला. मोरोपंतांची कविता कीर्तनातून लोकांपर्यंत नेण्याचे श्रेयही परंपरा त्याला देते. संस्कृत आणि मराठी एकाच रचनेत गुंफणे, निरनिराळ्या भाषांचा मेळ घालणे, यमक-अनुप्रासांची दाट वीण विणणे ही त्याची वैशिष्ट्ये. येथे एक साधा प्रश्न विचारावयास हवा. फडासमोर बसलेल्या किती श्रोत्यांना या रचनेतील प्रत्येक शब्द कळत असेल? संस्कृत न शिकलेला, कदाचित घरी दुसरीच भाषा बोलणारा श्रोता रात्र जागवून ही रचना ऐकत होता. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला, तेव्हाही हा शाहीर लोकप्रिय कथानायक म्हणून उभा करता आला. दुर्बोध पंडित म्हणून त्याची आठवण लोकांनी ठेवलेली नव्हती.

याचे स्पष्टीकरण ‘लोकांना नाद आवडला’ एवढ्यावर सोपवणे पुरेसे नाही. शाहिरीत कलगी आणि तुरा या परस्परविरोधी पक्षांमध्ये चालणारी भेदिक रचना पाहिली म्हणजे प्रश्न अधिक स्पष्ट होतो. भेदिकात एक पक्ष कोडे घालतो आणि दुसऱ्याने त्याची उकल करावयाची असते. कोडे घातल्यापासून उत्तर येईपर्यंतचा सारा वेळ श्रोता न कळण्याच्या अवस्थेत असतो, आणि हाच वेळ रंगाचा असतो. संतवाङ्मयातील कूट रचनाही याच जातीची. काट्याच्या टोकावर गावे वसवणारा, ज्ञानदेवांच्या नावावर चालत आलेला प्रसिद्ध अभंग घेतला, तर त्यातील एकही विधान व्यवहारात संभवत नाही. प्रत्येक कडव्यात अशक्य गोष्ट सांगून ती पुढच्या पावलावर नाहीशी केली जाते. कीर्तनकार नंतर त्याचे अध्यात्मपर निरूपण करतो. परंतु श्रोत्यांनी टाळ धरलेला असतो तो निरूपणाच्या आधीपासून. एकनाथांच्या भारुडांतही वेड्यावाकड्या सोंगाचे हसू आधी येते आणि उपदेश मागून पोहोचतो.

या सर्व प्रकारांत न कळणे सुसह्य, नव्हे आनंददायक होण्यासाठी तीन गोष्टींची सोय केलेली दिसते. पहिली तालाची. अर्थ निसटला तरी पुढची सम केव्हा येणार हे श्रोत्याला ठाऊक असते, त्यामुळे तो हरवत नाही. दुसरी सोबतीची. ज्याला कळले नाही तो एकटा नसतो, आणि न कळणे त्याच्या अपात्रतेचा पुरावा ठरत नाही. तिसरी लांबणीवर टाकलेल्या उत्तराची. अर्थ आहे, तो कोणीतरी पुढे सांगणार आहे किंवा दहाव्यांदा ऐकताना आपोआप उमगणार आहे, हा विश्वास श्रोत्यापाशी असतो. न कळण्याचा आस्वाद या तिन्हींच्या आधारावर उभा होता. तो सहजप्रवृत्तीचा भाग नव्हता. प्रयोगाच्या रचनेने तो घडवलेला होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

३

विसाव्या शतकात मराठी समीक्षेने या अनुभवासाठी ‘दुर्बोधता’ हा शब्द रूढ केला. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘काही कविता’ १९४७ साली प्रसिद्ध झाल्या आणि त्यानंतरच्या दशकात नवकवितेवर अश्लीलतेइतकाच दुर्बोधतेचाही आरोप वारंवार झाला. त्या वादात बाजू कोणतीही असो, चर्चेचे क्षेत्र एकच होते. समोर छापील पान, आणि त्यासमोर एकटा वाचक. ताल मनातल्या मनात, सोबत नाही, निरूपणकार नाही. ज्या तीन आधारांवर न कळण्याचा आनंद उभा होता ते तिन्ही आधार छापील कवितेने काढून घेतले होते. अशा स्थितीत न कळणे हा कोणाचा तरी दोष ठरणे अपरिहार्य होते. मग तो कवीच्या माथी मारावयाचा की वाचकाच्या, एवढाच वाद उरला.

याच काळात या वादातून बाहेर पडण्याची एक वाट खुद्द मर्ढेकरांनी दाखवली होती. कवितेतील प्रतिमा केवळ बाह्य सादृश्यामुळे एकत्र येत नाहीत. दोन भिन्न वस्तूंनी जागवलेल्या भावनांमध्ये साम्य असेल तर त्या वस्तूही शेजारी येऊ शकतात, हा विचार त्यांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ या संज्ञेतून मांडला. त्यांच्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे कलाकृतीच्या संघटनेचा पाया मानलेली आहेत. या दोन कल्पना एकत्र वाचल्या, तर भावणे ही बेशिस्त क्रिया राहत नाही. तिला रचना असते, आणि त्या रचनेविषयी युक्तिवाद करता येतो. खेदाची गोष्ट ही की मर्ढेकरांच्या सिद्धान्ताची पुढील चर्चा मुख्यतः त्याच्या तात्त्विक सुसंगतीभोवती फिरली. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) या चर्चेला मोठी उंची दिली हे खरेच, परंतु चित्रपटासारख्या, प्रतिमांच्या क्रमावरच उभ्या असलेल्या कलेला भावनानिष्ठ समतानता लावून पाहण्याचे काम मागे राहिले.

दुर्बोधता हा संहितेचा गुणधर्म नसून ग्रहणाच्या परिस्थितीचा आहे, याचे उत्तम उदाहरण ग्रेस यांच्या कवितेत मिळते. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) पासून ग्रेस यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का बसला तो कायमचा. त्यांच्याच काही कविता हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केल्या आणि त्या घराघरांत पोहोचल्या. शब्द तेच, प्रतिमा त्याच, तुटलेले संदर्भही तेच. गाणे ऐकताना मात्र ‘याचा अर्थ काय’ असे कोणी अडून विचारले नाही. गाण्याने कवितेला ताल परत दिला, ऐकणाऱ्यांची सोबत परत दिली आणि पुनःपुन्हा ऐकण्याची मुभा दिली. जुने तीन आधार पूर्ववत होताच दुर्बोधतेचा आरोप गळून पडला.

४

येथे एका सोप्या निष्कर्षाचा मोह होतो. भारतीय रसविचार हा मूलतः भावनेचा विचार असल्यामुळे ‘न कळता भावणे’ त्याला मान्यच आहे, असे विधान चित्रपटविषयक चर्चेतही ऐकू येते. रसविचाराच्या मूळ मांडणीत त्याला आधार नाही. आनंदवर्धनाने रसादी ध्वनीला ‘असंलक्ष्यक्रम’ म्हटले. वाच्यार्थाकडून रसाकडे जाण्याचा क्रम तेथे लक्षात येत नाही, असा त्याचा आशय. क्रम लक्षात येत नाही याचा अर्थ क्रम नाही असा होत नाही. वाच्यार्थ कळल्याखेरीज पुढची पायरी नाहीच. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत तर संभाव्यतेचा अभाव आणि स्फुटत्वाचा अभाव या दोहोंचा समावेश आहे. जे घडू शकेल असे वाटत नाही त्यात प्रेक्षक विश्रांत होत नाही. जे स्पष्ट प्रतीत होत नाही त्यातही नाही. या कसोटीवर अतिवास्तव चित्रपट पहिल्याच पायरीला बाद व्हावा.

तरीही तो भावतो, आणि म्हणूनच विघ्नांची ही यादी अधिक बारकाईने वाचावी लागते. ‘स्फुट नाही’ म्हणजे नेमके काय स्फुट नाही? शब्दाच्या कलेत प्रतिमा आणि तिचा अर्थ यांची प्रतीती एकाच दाराने येते. शब्द कळला नाही तर प्रतिमाही उभी राहत नाही. चित्रपटात ही दारे दोन आहेत. पडद्यावरचा बेडूक, विहीर, सायकलवरचा मुलगा हे कोणत्याही स्पष्टीकरणाआधी डोळ्यांसमोर असतात. तेथे अस्फुट राहतो तो त्यांच्यामधील कार्यकारणसंबंध. लुई बुन्युएल आणि साल्व्हादोर दाली यांनी १९२९ साली ‘उं शिएं आंदालू’ हा लघुपट रचला, तेव्हा ज्या प्रतिमेचे तर्कशुद्ध स्पष्टीकरण देता येईल ती स्वीकारावयाची नाही, असा नियम त्यांनी केला होता, असे बुन्युएलने नंतर सांगितले आहे. मात्र त्या चित्रपटात एकही चौकट धूसर नाही. उलट वस्तू जितक्या परस्परांशी विसंगत, तितक्या त्या स्वच्छ, कोरीव आणि नेमक्या प्रकाशात दाखवल्या आहेत. स्वप्नाचा अनुभवही असाच असतो. स्वप्नातली खोली सुस्पष्ट दिसते. आपण त्या खोलीत का आलो हे तेवढे ठाऊक नसते.

तेव्हा अभिनवगुप्ताची अट मोडीत निघत नाही, ती जागा बदलते. स्फुटत्व कथेकडून प्रतिमेकडे आणि ध्वनीकडे जाते. अतिवास्तव चित्रपट ‘कळत नाही’ हे म्हणणे म्हणूनच अर्धे आहे. त्यात काय दिसते आणि काय ऐकू येते हे पूर्णपणे कळत असते. कळत नाही ते एवढेच की एकानंतर दुसरे का आले. या रिकाम्या जागी भावनानिष्ठ समतानता काम करते, किंवा चित्रपट फसलेला असल्यास करीत नाही. भावण्याच्या अनुभवाची समीक्षा करता येईल ती येथेच.

५

मराठी प्रेक्षकाचा अशा चित्रपटांशी संबंध मुख्यतः फिल्म सोसायट्यांमुळे आला. पुण्यात १९६० साली प्रभात स्टुडिओच्या आवारात चित्रपट-प्रशिक्षण संस्था सुरू झाली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. या संस्थांच्या आधाराने जी शिबिरे भरू लागली त्यांना मराठीत ‘चित्रपट रसास्वाद शिबिर’ हे नाव पडले. ‘रसास्वाद’ ही निवड अर्थपूर्ण आहे. नावात रस आला. शिक्षणात मात्र भर राहिला तो चित्रपटाच्या व्याकरणावर, म्हणजे चौकट, संकलन, प्रतीक, दिग्दर्शकाचा हेतू यांवर. हे शिक्षण आवश्यक होते आणि त्याने एक जाणकार पिढी घडवली हे नाकारता येणार नाही. परंतु तीन जुन्या आधारांच्या भाषेत सांगावयाचे तर सोसायटीने सोबत परत दिली आणि निरूपणही परत दिले. मात्र निरूपणाला परीक्षेचे रूप आले. चित्रपटानंतरच्या चर्चेत ज्याला प्रतीक सांगता आले तो जाणकार, ज्याला फक्त ‘जाणवले’ तो गप्प, अशी विभागणी होत गेली.

या पार्श्वभूमीवर १९७६ सालचा ‘घाशीराम कोतवाल’ हा मराठी चित्रपट मुळातून तपासण्याजोगा आहे. विजय तेंडुलकरांच्या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि भास्कर चंदावरकर यांचे संगीत लाभलेल्या या प्रयोगातील माणसांची भिंत प्रेक्षकांना कोणी समजावून सांगितली नव्हती. भिंत कधी पडदा झाली, कधी पुण्याचे ब्राह्मण, कधी नुसती उघडझाप करणारी रांग. दशावतार, खेळे, तमाशा यांची ओळख असलेल्या प्रेक्षकाने हे सारे सहज मानून घेतले. नाटकावर वाद झाला तो इतिहासाच्या आणि जातीच्या प्रश्नावरून, रूप न कळल्यामुळे नव्हे.

युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हतर्फे के. हरिहरन, मणि कौल, सईद अख्तर मिर्झा आणि कमल स्वरूप यांनी मिळून केलेला चित्रपट मात्र वेगळ्या नशिबाचा ठरला. पटकथा तेंडुलकरांचीच होती, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे होते, घाशीराम झालेले ओम पुरी यांचे चित्रपटातील हे पदार्पण. नाटकातील नाच-गाण्याच्या बंदिस्त लयीऐवजी येथे दीर्घ, न तोडलेली दृश्ये आहेत. हंगेरियन दिग्दर्शक मिक्लोश यांच्चो याच्या पद्धतीची आठवण यावी अशा रीतीने कॅमेरा माणसांच्या समूहांभोवती सरकत राहतो. काळाच्या सीमा पुसल्या जातात. पेशवाईविषयी चाललेली गोष्ट चित्रपट ज्या आणीबाणीच्या वर्षांत तयार झाला त्या वर्षांविषयीही आहे, असे जाणवू लागते. नाटकाने जे रंगमंचाच्या संकेतातून दिले होते ते चित्रपटाने खऱ्या भिंती, खरी माती, खरे आकाश यांच्यामध्ये आणून ठेवले. या स्थलांतरामुळे ओळखीचे रूप अनोळखी झाले. नाटक ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्या मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत हा चित्रपट पोहोचला नाही. बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेत जपलेल्या प्रतीमुळे तो एकविसाव्या शतकात पुन्हा पाहावयास मिळाला.

या अनुभवातून निघणारा निष्कर्ष ‘मराठी प्रेक्षक मागासलेला’ असा काढणे चूक ठरेल. त्याच प्रेक्षकाने माणसांच्या भिंतीसारखा धाडसी संकेत एका क्षणात पचवला होता. फरक आधारांचा होता. नाटकात ढोलकी आणि भजनाचा ताल प्रेक्षकाला धरून ठेवीत होता. चित्रपटात ताल आहे, पण तो कॅमेऱ्याच्या गतीत आहे, आणि त्या तालावर मान डोलावण्याची सवय कोणी लावलेली नव्हती. ‘भावणे’ हेदेखील शिकावे लागते; फक्त ते प्रतीकांच्या याद्या पाठ करून शिकता येत नाही.

या चौघांपैकी कमल स्वरूप यांनी पुढे १९८८ साली ‘ओम दर-ब-दर’ हा हिंदी चित्रपट केला. अजमेर-पुष्करच्या परिसरातील, पाण्याखाली दीर्घकाळ श्वास रोखून धरू शकणारा ओम हा मुलगा, सरकारी नोकरी सोडून ज्योतिषी झालेले वडील, बहीण गायत्री, बेडूक, हिरे, रेडिओ, विज्ञानाचे पाठ, पुराणकथा आणि जाहिराती यांचा तो विलक्षण गुंता आहे. त्याची कथा सांगू पाहणारा दोन वाक्यांनंतर थांबतो. चित्रपटगृहांत रीतसर प्रदर्शित होण्यासाठी त्याला २०१४ साल उजाडावे लागले. तोपर्यंत तो चित्रफितींच्या प्रतींतून हातोहाती फिरत राहिला. त्याच्या चाहत्यांविषयी एक गोष्ट लक्षणीय आहे. तो एकदा पाहून कोणी चाहता होत नाही. संवादांचे तुकडे पाठ होतात, गाणी ओठांवर येतात, पुढच्या विसंगतीची वाट पाहिली जाते. भेदिकाच्या फडातील श्रोत्याचे आणि या प्रेक्षकाचे वागणे सारखे आहे. ताल, सोबत आणि पुन्हा भेटण्याची संधी हे तिन्ही आधार त्याने स्वतःच उभे केले.

६

सोलापूरशी नाते सांगणारे अक्षय इंडीकर यांच्या चित्रपटांत हा प्रश्न मराठीत पुन्हा उभा राहतो. ‘उदाहरणार्थ नेमाडे’ (२०१६) नंतरचा ‘त्रिज्या’ (२०१९) हा पुण्यात वृत्तपत्राची नोकरी करणाऱ्या, कविता लिहू पाहणाऱ्या अवधूत या तरुणाचा चित्रपट. त्यात घटना थोड्या, त्यांच्यातील दुवे त्याहून थोडे. स्थिर चौकटींत माणूस लहान आणि भोवताल मोठा दिसतो. या चित्रपटाला सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मिळालेला सन्मान ध्वनिआरेखनाचा होता, मंदार कमलापूरकर यांचा. कथासूत्र जेथे विरळ होते तेथे प्रेक्षकाला धरून ठेवण्याचे काम ध्वनी करतो, याची ही एक प्रकारे अधिकृत नोंदच म्हणता येईल. ज्याला ‘काही घडत नाही’ असे वाटते त्याने कान बंद ठेवलेले असतात, असे म्हणण्याइतका आत्मविश्वास हा चित्रपट बाळगतो.

‘स्थलपुराण’ (२०२०) बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या बालप्रेक्षकांसाठीच्या विभागात दाखवला गेला. वडील नाहीसे झाल्यानंतर पुण्याहून कोकणात आजोळी आलेला आठ वर्षांचा दिघू हा त्याच्या केंद्रस्थानी आहे. शीर्षकात एक जुना वाङ्मयप्रकार आहे. स्थलपुराण एखाद्या क्षेत्राला त्याची कथा पुरवते. पंढरपूरसारख्या क्षेत्राचे माहात्म्य सांगणाऱ्या रचना याच हेतूने लिहिल्या गेल्या. चित्रपट त्याच्या उलट वागतो. तो स्थळ देतो आणि कथा रोखून धरतो. वडिलांचे काय झाले हे मुलाला कळलेले नाही. म्हणून प्रेक्षकालाही कळत नाही. येथे न कळणे हीच आशयाची वस्तू आहे. प्रेक्षकाला अधिक माहिती दिली असती तर तो दिघूच्या बाजूला बसण्याऐवजी त्याच्याकडे वरून पाहू लागला असता. मुलांसाठीच्या विभागात हा चित्रपट दाखवला जावा हेही योग्यच. मुले रोज अर्धवट कळलेल्या जगात वावरत असतात आणि तेथे आनंदाने, दुःखाने, भयाने जगतही असतात.

७

या इतिहासाच्या शेवटी दोन आक्षेपांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला असा की भावण्याला प्रमाण मानले तर चांगल्या-वाईटाचा निकष उरत नाही. ढिसाळ रचनाही स्वतःला अतिवास्तव म्हणवून घेईल. हा धोका खरा आहे, आणि त्यावर उपाय अर्थाच्या कसोटीत नसून लयीच्या कसोटीत आहे. एखाद्या दृश्यानंतर आलेल्या दृश्याने आधीच्या भावनेला उजाळा दिला, छेद दिला की ती वाया घालवली, हे दाखवता येते. दोन प्रेक्षकांचे यावर मतभेद होतील. परंतु ते मतभेद पडद्याकडे बोट दाखवून मांडता येतील. केवळ ‘मला वाटले’ एवढ्यावर थांबणारा अभिप्राय आणि ‘येथे आवाज थांबला तेव्हा वाटले’ हा अभिप्राय यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या अभिप्रायापासून समीक्षा सुरू होते.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. न कळता आस्वाद घेण्याची मुभा सर्वांना सारखी मिळत नाही. महानगरातील सुशिक्षित प्रेक्षक ‘कळला नाही, पण विलक्षण होता’ असे म्हणतो तेव्हा ती अभिरुचीची खूण मानली जाते. हातमागावर बसणारा, विड्या वळणाऱ्या घरातून आलेला किंवा गिरणगावात वाढलेला प्रेक्षक तेच वाक्य उच्चारतो तेव्हा ते त्याच्या अज्ञानाचे प्रमाणपत्र ठरते. वास्तविक ज्या श्रोत्यांनी बहुभाषिक लावण्या, भेदिके आणि कूटे पिढ्यानुपिढ्या ऐकली त्यांचा न कळण्याशी असलेला परिचय अधिक जुना आणि अधिक अनुभवी आहे. त्यांना कथा हवी, गाणी हवीत, सोपे हवे, हा समज चित्रपटव्यवसायाने पसरवला आणि समीक्षेने तो तपासल्याविना स्वीकारला. प्रयोगशील मराठी चित्रपट सोलापूरसारख्या शहरांपर्यंत क्वचित पोहोचतो त्याची कारणे वितरणात आहेत. परंतु ‘तेथे कोणाला कळणार’ हे वाक्य त्या वितरणाचे तत्त्वज्ञान आहे. त्या तत्त्वज्ञानाचा प्रतिवाद करणे हे समीक्षेचे काम होय.

विद्यापीठीय अध्यापनातही याचा एक व्यावहारिक परिणाम संभवतो. चित्रपट दाखवल्यानंतर ‘याचा अर्थ काय’ हा पहिला प्रश्न काही काळ बाजूला ठेवता येईल. काय दिसले, काय ऐकू आले, कोणत्या क्रमाने, आणि त्या क्रमात कोठे अंग शहारले किंवा कंटाळा आला, याची नोंद आधी व्हावी. त्यानंतर चित्रपट पुन्हा दाखवावा आणि अर्थाचा प्रश्न मग विचारावा. कीर्तनात निरूपण अभंगानंतर येते. पुष्कळदा दुसऱ्या वेळी पाहताना विद्यार्थ्याच्या ध्यानात येईल की पहिल्या वेळी जे नुसते भावले असे वाटले होते, त्यातले बरेचसे तेव्हाच कळले होते. सांगण्यासाठी शब्द तेवढे नव्हते. ते शब्द पुरवणे हेच समीक्षेकडून अपेक्षित आहे.